शेजारचा आंबा, आपली गच्ची आणि मधली भिंत: छाटायचं किती, तोडायचं कधी

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सहकारनगर भागात बैठा बंगला. शेजारच्यांच्या आवारात, सामाईक कुंपणभिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर रायवळ आंबा. शेजारच्या काकांच्या वडिलांनी १९७२ साली घर बांधलं तेव्हा लावलेला, बुंध्याचा घेर सहा फुटांच्या आसपास. त्याची एक जाड फांदी तुमच्या गच्चीवर आली आहे. कैऱ्या गाडीवर पडतात, पन्हळ पानांनी तुंबते, भिंतीला उभा तडा गेलाय आणि पावसाळ्यात वारा सुटला की घरात कुणाला झोप लागत नाही. काका फांदीला हात लावू देत नाहीत. एका तोडणाऱ्याने सांगितलंय, "रविवारी सकाळी येतो, तुमच्या बाजूचं सगळं साफ करतो, परवानगी-बिरवानगी काही लागत नाही." आपल्या हद्दीतल्या फांद्या आपण तोडू शकतो का, आणि जमलं तर झाडच काढता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

रविवारच्या माणसाला आधी फोन करून नाही म्हणा. मग पुढचं वाचा.

महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' लागू आहे. जमीन कुणाची, हे हा कायदा बघत नाही. स्वतःच्या अंगणातलं, स्वतः लावलेलं झाडसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय पाडता येत नाही. आणि 'तोडणे' या शब्दाचा अर्थ या कायद्यात बराच पसरट ठेवलाय: जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं. त्यामुळे 'मी झाड पाडलं नाही, नुसत्या फांद्या काढल्या' हा बचाव लंगडा पडतो. फांद्यांच्या छाटणीसाठीही महापालिकेचा उद्यान विभाग वेगळी परवानगी देतो आणि ती घ्यायचीच असते. बुंध्याला भोक पाडून हिंग भरायचा, मुळाशी ॲसिड ओतायचं, खालची साल गोल सोलून ठेवायची, असले सल्ले तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. तेही याच व्याख्येत बसतात, आणि सोललेली साल कुठल्याही माळ्याला लांबून दिसते.

हद्दीतल्या फांदीचं काय? दुसऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या जागेत आली तर ती उपद्रव मानून हद्दीपर्यंत कापता येते, हे तत्त्व जुनं आहे. इंग्लंडमध्ये लेमन विरुद्ध वेब या खटल्यात १८९४ साली त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि आपल्याकडचे वकीलही त्याच धाग्याने बोलतात. पण नीट बघा, हा हक्क शेजाऱ्यापुरता आहे. काका तुमच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावतील तेव्हा तो कामाला येईल. महापालिकेची परवानगी त्याने माफ होत नाही. शिवाय कापलेली फांदी आणि तिच्यावरच्या कैऱ्या काकांच्याच राहतात. त्या उचलून वखारीत विकल्या की तुमची बाजू आणखी कच्ची होते.

माझ्या दृष्टीने कायद्याहून मोठी अडचण मात्र झाडाच्या शरीरात आहे. तुमचा हक्क भिंतीच्या रेषेवर संपतो. फांदी जिथे कापायला हवी ती जागा भिंतीच्या पलीकडे, काकांच्या हवेत, खोडाजवळ आहे.

खाली उभं राहून वर बघा. फांदी खोडाला जिथे चिकटते तिथे मुळाशी एक फुगीर कडं दिसेल, त्यावरची साल आडव्या सुरकुत्यांची. जुन्या आंब्यावर ते अगदी स्पष्ट असतं, हात फिरवला तरी कळतं. झाडाची जखम बुजवण्याची सगळी ताकद त्या कड्यात असते. अमेरिकन वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं: झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तिला आतून भिंत घालून बंद करतं. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घेतला तर दोन-तीन वर्षांत चारी बाजूंनी नवी साल गोल सरकत येते. कडंच कापून सपाट केलं तर खोडात कुज शिरते. आणि तीन फुटांचा ठोंब सोडून कापलं, जे भिंतीच्या रेषेवर कापल्यावर तुमच्याकडे होणार आहे, तर ठोंब सुकतो, त्यात भुंगेरे आणि बुरशी घर करतात आणि कुज हळूहळू खोडाकडे चालत जाते. किंवा ठोंबाच्या टोकाला धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. हे धुमारे वरवर सालीला चिकटलेले असतात, भराभर वाढतात आणि चार-पाच वर्षांनी तुमच्याच गच्चीवर मोडून पडतात. म्हणजे आज धोका नसलेली फांदी काढून उद्यासाठी धोका असलेल्या सहा फांद्या पेरायच्या.

एका बाजूचं 'साफ' करण्याचा दुसरा तोटा तोलाचा. पन्नास वर्षं झाडाने दोन्ही बाजूंचं वजन पेलत मुळं पसरलेली असतात. एक बाजू पूर्ण उतरवली की सगळा भार पलीकडे जातो. एका सोसायटीत शेजारच्या वर्षावृक्षाची इकडची बाजू भिंतीबरोबर सरळ उतरवली होती. दुसऱ्या पावसाळ्यात झाड पलीकडे, सायकल स्टँडवर आडवं झालं. नशिबाने पहाटेची वेळ होती. नंतर माती बघितली तर मुळं शाबूत होती, फक्त एका बाजूला ताणून उपटली गेली होती.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा: झाड ठेवा, ती फांदीही मुळापासून काढू नका, तिच्या टोकाकडचं ओझं उतरवा. गच्चीवर आलेल्या भागात एखादी वरच्या दिशेने जाणारी उपफांदी असेल, मुख्य फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची. तिथपर्यंत मागे यायचं आणि तिच्या लगत कापायचं. अन्नरस ओढायला पुढे पानं शिल्लक राहतात, म्हणून फांदी सुकत नाही आणि झुबकाही फुटत नाही. गच्चीपासून सहा-सात फूट मोकळीक मिळाली की घासणं, पानांचा खच, उंदरांची ये-जा, सगळं कमी होतं. याबरोबर अख्ख्या झाडावरची वाळकी लाकडं, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि बांडगूळ काढून घ्या. पुण्यातल्या जुन्या आंब्यांवर बांडगूळ जवळजवळ हमखास असतं. त्याची पानं आंब्याच्या पानांपेक्षा जाड आणि फिकी दिसतात. बांडगूळ चिकटलंय त्या जागेच्या खाली हात-दीड हात सोडून डहाळी काढावी लागते, वरवर खरवडून ते परत येतं. एका वेळी एकूण पानोऱ्याच्या पाव भागाहून जास्त उतरवू नका. जुन्या झाडाला तेवढंही बरंच झालं, मी सहसा त्याच्या अर्ध्यावरच थांबतो.

जाड फांदी कापण्याची पद्धत तुम्हाला माहीत असलेली बरी, म्हणजे खाली उभं राहून लक्ष ठेवता येईल. पहिला काप खालून, ठरलेल्या जागेच्या हात-दीड हात पुढे, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. दुसरा वरून, त्याच्याही दोन-तीन बोटं पुढे. फांदी इथे मोडून सुटते. खालचा काप आधी घेतलेला नसेल तर फांदी मोडताना खोडाची साल फूटभर खाली सोलत नेते, आणि ही जखम कुठलाही लेप बुजवत नाही. शेवटी उरलेला ठोंब कड्याच्या बाहेरून स्वच्छ काढायचा. गच्चीवरची फांदी असल्यामुळे तुकडे दोराने बांधून एकेक खाली उतरवले पाहिजेत. 'पडू द्या हो, पत्रे नवीन टाकू' म्हणणारा माणूस नको. कापल्यावर आंब्याला बोर्डो पेस्ट लावतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. फळझाडांवर मीही लावतो, खोडकिडा आणि फांदीमर यांच्या भीतीने. बाकी झाडांना डांबर, ऑइलपेंट, गेरू फासून फार काही साधत नाही. काप बरोबर असेल तर झाड आपलं आपण बघतं.

आता झाड काढावंच लागेल का, ते. 'मोठं आहे', 'वाऱ्यात हलतं' ही काढण्याची कारणं होत नाहीत. वाऱ्यात हलणं हा झाडाचा स्वभाव आहे. काय बघायचं ते सांगतो.

बुंध्याभोवती जमिनीलगत लाकडासारख्या कडक, तपकिरी, कडेला पांढऱ्या अळंबीचे पंखे फुटलेत का? तशी अळंबी मुळं कुजत असल्याची खूण असते, आणि वर हिरवीगार पानं असताना झाड आडवं होण्यामागे बहुतेक वेळा हीच कुज असते. सालीला भोकं आणि त्याखाली भुसा साठलेला दिसला तर खोडकिडा आहे. आंब्यात तो सर्रास सापडतो आणि वेळीच बघितलं तर आटोक्यात येतो. लाकडी हातोड्याने खोड ठोकत फिरा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक पहिल्या दोन मिनिटांत कळायला लागतो. ढोली असली म्हणून झाड धोकादायक ठरत नाही: सभोवतालची निरोगी लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश उरली असेल आणि ढोली एका बाजूला फुटलेली नसेल, तर ते झाड बहुतेक वेळा बरीच वर्षं उभं राहतं. कललेल्या झाडात कलणं जुनं की नवं ते बघा. जुनं असेल तर खोड वर जाऊन परत सरळ वळलेलं असतं. नवं असेल तर खोड सरळ रेषेत तिरकं आणि कलाच्या उलट बाजूला माती उचललेली, भेगा पडलेली. नवं कलणं दिसलं तर त्या दिवशीच महापालिकेला फोन करायचा, अर्ज नंतर. आणि दोन समान जाडीची खोडं अरुंद बेचक्यात एकमेकांना दाबत वाढली असतील, बेचक्यातून पाणी झिरपत असेल, तर पहिली फूट तिथेच पडते.

यातलं काही सापडलं तर लिहून, फोटो काढून ठेवा. धोका खरा असताना झाड ठेवण्याचा हट्ट मी धरत नाही. २०१७ च्या जुलैमध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने चालणाऱ्या एका महिलेवर नारळाचं झाड पडून तिचा मृत्यू झाला होता. ते झाड काढण्याची मागणी रहिवाशांनी आधी केली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. अशा ठिकाणी झाडावरच्या प्रेमाने निर्णय करायचा नसतो.

तुमच्या भिंतीचा तडा. मुळं चांगली भिंत फोडत नाहीत, पण कुंपणभिंतींचा पाया असतो फूट-दीड फूट. आंब्याचं जाड मूळ त्याखालून दर वर्षी थोडं फुगतं आणि भिंत उचलते. गवंडी येऊन पहिली गोष्ट काय करतो, तर मूळ तोडतो. ते करू देऊ नका. हिशेब असा: छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास येतो, त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ हे झाडाचं मुळांचं राखीव क्षेत्र धरायचं. सहा फूट घेर म्हणजे साधारण ५८ सेंटिमीटर व्यास, म्हणजे जवळपास सात मीटर, बावीस-तेवीस फूट. तुमची भिंत खोडापासून तीन फुटांवर आहे. एवढ्या जवळ बोटापेक्षा जाड मूळ कापणं म्हणजे झाडाचा नांगर तोडणं, आणि मग ते कुणाच्या घरावर पडेल ते सांगता येत नाही. त्याऐवजी तडा गेलेला पाच-सहा फुटांचा तुकडा उतरवा, दोन बाजूंना मुळं चुकवून दोन छोटे खांब घ्या आणि जमिनीपासून वीतभर वर आरसीसीची लिंटेल टाकून त्यावर भिंत चढवा. मूळ खालून मोकळं जातं, भिंत पुन्हा उचलत नाही. खर्च फार नाही, फक्त गवंड्याला दोनदा समजावून सांगावं लागतं.

घराच्या भिंतींनाही तडे असतील तर सगळा दोष आंब्यावर टाकण्याआधी वर्षभर थांबा. तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरने बसवा, तारीख लिहा. पुण्यात बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तडा मे महिन्यात रुंद आणि सप्टेंबरात बारीक होत असेल तर खेळ मातीतल्या पाण्याचा आहे. झाड उन्हाळ्यात पाणी ओढून त्यात भर घालतं हे खरं. पण अशा मातीवरचं मोठं झाड एकदम काढलं तर तेवढं पाणी जमिनीत राहतं, माती फुगून वर येते आणि नवे तडे जातात. हे लोकांना खरं वाटत नाही. तुंबणाऱ्या ड्रेनेजचंही तसंच आहे: मुळं धड पाइप फोडत नाहीत, चिनी मातीच्या जुन्या पाइपांचे सांधे आधी गळतात आणि मुळं ओलीच्या मागे आत शिरतात. सांधे न बदलता झाड काढलं तर पुढच्या वर्षी शेजारच्या जास्वंदीची मुळं तिथे येतील.

काकांना झाड पाडायचं असतं तरी ते सोपं नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हवं. १९७५ च्या कायद्याला २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जास्त अंदाजे वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं. घेरावरून वय काढण्याची जी सूत्रं लोक वापरतात ती रायवळ आंब्याला नीट लागू पडत नाहीत. माती, पाणी, सावली यांनी फार फरक पडतो. पण १९७२ चा बांधकाम परवाना काकांच्या कपाटात असेल तर वयाचा वाद तिथेच मिटतो, आणि हा आंबा वारसा वृक्षात मोडतो. त्याच दुरुस्तीनुसार झाड तोडायला परवानगी मिळालीच तर झाडाचं वय जितकं, तितकी झाडं भरपाई म्हणून लावायची असतात, रोपं सहा ते आठ फूट उंचीची, आणि पुढे सात वर्षं जगवायची. एका आंब्यामागे पन्नासाहून अधिक. बंगल्याच्या आवारात ती कुठे लावणार? विनापरवाना तोडलं तर दंडाची कमाल मर्यादा आता झाडामागे एक लाखापर्यंत गेली आहे, आणि कायद्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तुमचा रविवारचा माणूस हे सांगत नाही, कारण नोटीस त्याच्या पत्त्यावर येत नाही.

कागदांचं काम रटाळ आहे, पण किचकट नाही. अर्ज झाडाच्या मालकाने करायचा, म्हणजे काकांनी, क्षेत्रीय कार्यालयातल्या उद्यान विभागात. मालमत्ता कराची पावती, मालकीचा उतारा, झाडाचे चारी बाजूंनी फोटो, कोणत्या फांद्या आणि का, याचा साधा नकाशा. हा नकाशा बहुतेक जण देत नाहीत आणि मग परवानगीपत्रावर 'फांद्यांची छाटणी' एवढंच मोघम येतं. त्या दोन शब्दांच्या आडून अर्धं झाड उतरवलेलं मी बघितलंय. फोटोवर लाल पेनाने कापाच्या रेषा मारून द्या. मग स्थळपाहणी होते. त्या दिवशी घरी थांबा, पाहणी करणाऱ्याला गच्चीवर न्या, खालून त्याला काही दिसत नाही. पाडण्याचा अर्ज असेल तर झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात, वृक्ष प्राधिकरणासमोर विषय जातो आणि वेळ लागतो. परवानगीपत्रावर मुदत असते. ती उलटली की पत्राचा उपयोग नाही.

काका अर्ज करायलाच तयार नसतील तर तुम्ही धोक्याची लेखी तक्रार त्याच कार्यालयात द्या, फोटोसकट, पोच घेऊन. पाहणी करून मालकाला नोटीस देणं हे त्यांचं काम आहे. मुंबईत खासगी जागेतल्या धोकादायक झाडांसाठी महापालिका पावसाळ्याआधी सोसायट्यांना अशा नोटिसा पाठवते. पोच जपून ठेवा. उद्या फांदी पडून नुकसान झालंच, तर 'मला माहीत नव्हतं' असं मग कुणालाच म्हणता येत नाही.

पण आधी काकांकडे जा, आणि 'तुमचं झाड' असं बोलायला सुरुवात करू नका. वडिलांच्या हातचं झाड आहे ते. ते नाही म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कुऱ्हाड घेऊन वर चढलेला माणूस असतो. फोटोवरच्या लाल रेषा दाखवा: काका, एवढंच, बाकी तसंच. वाळकं आणि बांडगूळ काढल्याने त्यांच्या आंब्याला फायदा आहे, हे सांगा, कारण ते खरं आहे. छाटणीचा खर्च तुम्ही द्या. कोर्टाच्या एका तारखेच्या खर्चात होतं हे. एवढ्यावर बहुतेक काका मानतात. जे मानत नाहीत त्यांचा खरा राग कुठल्या तरी जुन्या पार्किंगवरून असतो आणि त्याला माझ्याकडे औषध नाही.

वेळेचं. पानगळीच्या झाडांची छाटणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सोयीची. आंब्याची फळं उतरल्यावर, जूनच्या सुरुवातीला, जोराचा पाऊस बसायच्या आत. ऑक्टोबरनंतर मोठी छाटणी केली तर पालवी फुटते आणि त्या वर्षीचा मोहोर जातो. मग कैरीच नाही म्हणून काकांशी नवा वाद. फांदी खरोखर धोक्याची असेल तर मात्र मोहोर बघत बसायचं नाही. एप्रिल-मेमध्ये कावळ्यांची घरटी असतात, कधी त्यात कोकिळेचंही अंडं. चढणाऱ्याला आधी दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या झूमने बघायला लावा आणि घरट्याची फांदी पिल्लं उडेपर्यंत राहू द्या. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरटं हलवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ मध्ये महामार्गासाठी झाड पाडताना घरटी पिल्लांसकट कोसळली, तेव्हा वन विभागाने गुन्हा नोंदवला होता. बगळ्यांच्या वसाहती असलेल्या झाडांना तर पावसाळाभर हातच लावू नये.

माणूस निवडताना एकच खूण सांगतो. 'पैसे नकोत, लाकूड आम्ही नेतो' म्हणणारा स्वस्त वाटतो, पण त्याची कमाई ओंडक्यात आहे, त्यामुळे त्याची करवत जाड लाकडाकडेच वळणार. तुमच्या कामात तर काढायच्या आहेत मनगटाएवढ्या आणि मांडीएवढ्या फांद्या. त्याला त्यात रस नाही. दिवसाची मजुरी ठरवा, लाकूड काकांच्या अंगणात उतरवा. चढणाऱ्याला पट्टा, हेल्मेट आणि दोन दोर हवेत, एक स्वतःसाठी, एक फांदीसाठी. विजेची तार दहा फुटांच्या आत असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बंद केल्याशिवाय शिडीसुद्धा लावू देऊ नका, ओली डहाळी तारेला टेकायला एक झुळूक पुरते.

तुमच्यासारखाच प्रश्न पण झाड दुसरं असलेल्यांसाठी थोडक्यात. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर वीतभर असताना उपटला तर प्रश्न मिटतो. मनगटाएवढा झाल्यावर तो भिंतीचाच भाग होतो आणि भिंत उतरवूनच निघतो. गुलमोहर आणि सोनमोहर ही ठिसूळ लाकडाची झाडं, घरापासून लांब बरी. त्यांचे शेंडे छाटून 'बुटकं' करण्याचा मोह टाळा. शेवग्याला कशाचंच वाईट वाटत नाही. नारळाच्या वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ दर काही महिन्यांनी उतरवत राहणं एवढीच त्याची छाटणी, हिरव्या झावळ्या तोडून डोकं बारीक करू नये. गोव्यात १९८४ चा वेगळा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०१६ मध्ये दुरुस्ती करून तिथे माडाला 'झाड' या व्याख्येतून वगळलं होतं आणि २०१७ मध्ये परत आत घ्यावं लागलं, तेव्हा कुणी जुन्या माहितीवर कोयता उचलू नये.

आणि पुण्याच्या कडेच्या गावांतल्या वाचकांनी आपण नक्की कुठल्या हद्दीत आहोत ते आधी तपासावं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यातली दोन नंतर बाहेर गेली. शहरी हद्दीबाहेर १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर अशी झाडं आहेत; तिथे अर्ज उद्यान विभागात द्यायचा नसतो, महसूल किंवा वन खात्याकडे द्यायचा असतो. बांधावरचा आंबा असेल तर सातबाऱ्यावर झाडाची नोंद कुणाच्या नावाने आहे तेही बघून ठेवा, अर्जावर सही त्याचीच लागेल.